जीवन रक्षा पदकाचा प्रस्ताव: काय गोळा करायचं, काय लिहायचं, कुठं अडतं

गावात कुणीतरी विहिरीत उडी मारून पोर वाचवतं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ होतं, पेपरात फोटो येतो. सात-आठ महिन्यांनी कुणाच्या तरी मनात येतं की याला सरकारचं पदक मिळायला हवं. तोवर दुकानावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलेलं असतं, दवाखान्याचा केस पेपर घरात कुठंतरी गहाळ झालेला असतो आणि तिघे साक्षीदार तीन वेगवेगळ्या वेळा सांगतात. असे प्रस्ताव जुळवायला मी गेली काही वर्षं लोकांना मदत करत आलो आहे. खरं धाडस केलेल्या माणसाचा प्रस्ताव कागदांपायी पडताना पाहिलं की जीव तुटतो. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

लेखाचा मुख्य भाग जीवन रक्षा पदकाबद्दल आहे. रस्ता अपघात, लहान मुलं आणि मरणोत्तर प्रस्ताव यांचं टप्पा ६ नंतर वेगळं दिलं आहे, कारण त्यांच्या वाटा निराळ्या आहेत.

सुरुवात करण्याआधी: हे प्रकरण या पदकात बसतं का?

जीवन रक्षा पदक जीव वाचवण्यासाठी असतं. बुडणं, आग, विजेचा धक्का, दरड कोसळणं, अपघात, जनावराचा हल्ला, खाणीतली दुर्घटना अशा प्रसंगात दुसऱ्याचा जीव वाचवलेला असला पाहिजे. चोराला पकडणं किंवा हल्लेखोराशी झुंजणं हे धाडसच आहे, पण त्यात कुणाचा जीव वाचल्याचं दाखवता आलं नाही तर हा प्रस्ताव टिकत नाही. तशा शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आहेत आणि ती सामान्य नागरिकांनाही दिली जातात. विमानातले प्रवासी वाचवताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत यांना १९८७ मध्ये अशोक चक्र मिळालं होतं.

पदकाच्या तीन श्रेणी आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. या श्रेणी कशावरून ठरतात तेवढं नीट समजून घ्या, कारण निम्मे प्रस्ताव इथंच चुकतात. सर्वोत्तम मिळतं ते वाचवणाऱ्याच्या जिवाला अतिशय मोठा धोका असताना केलेल्या कृतीला. उत्तमसाठी त्याच्या जिवाला मोठा धोका असावा लागतो. तिसऱ्या श्रेणीसाठी त्याला गंभीर शारीरिक इजा होण्याचा धोका असावा लागतो. तिन्ही ठिकाणी मोजमाप *वाचवणाऱ्याच्या* धोक्याचं आहे. लोक मात्र दोन पानं भरून लिहितात की पोरगी कशी बुडत होती, आई कशी आक्रोश करत होती. उडी मारणाऱ्याला पोहता येत होतं की नाही, हे कुठंच नसतं.

१० जुलै २०१७ रोजी काश्मीरमध्ये अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर दहशतवाद्यांनी गोळीबार केला. चालक सलीम शेख यांनी बस न थांबवता पुढे काढली, म्हणून बरेच प्रवासी वाचले. त्यांना उत्तम जीवन रक्षा पदक जाहीर झालं. तिथं धोका समजावून सांगावा लागत नाही, चालकाची सीट कुठं असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरीचं, ओढ्याचं, जळत्या खोलीचं तसं नसतं. तिथला धोका तुम्हाला कागदावर दाखवावा लागतो.

*आधी एवढं तपासा:*

- घटना दोन वर्षांच्या आतली आहे का? जुनी असेल तर प्रस्ताव सहसा विचारात घेतला जात नाही.
- वाचवणारा सैन्यात, पोलिसात किंवा अग्निशमन दलात आहे का? असेल तर ते काम ड्युटीचा भाग म्हणून केलेलं नसावं. सुट्टीवर घरी आलेल्या जवानाने नदीत उडी मारली असेल तर चालतं. मग रजेच्या आदेशाची प्रत जोडा.
- ज्याचं नाव पाठवताय त्याला विचारलंत का? काहींना नको असतं. त्यांचा तो अधिकार आहे.

टप्पा १: पहिले आठ दिवस

या आठ दिवसांत जे हाती लागतं ते नंतर पैसे देऊनही मिळत नाही. सत्कार थोडा मागे पडला तरी चालेल.

आधी पोलीस ठाणं. कुणी दगावलं असेल तर आकस्मिक मृत्यूची नोंद होते, गुन्हा असेल तर एफआयआर होतो. पण सगळे सुखरूप वाचले तर बहुतेक वेळा पोलिसांकडे काहीच नोंद नसते, आणि पुढे चौकशीत पहिला प्रश्न येतो, "ठाण्यात नोंद आहे का?" म्हणून घटनेच्या एक-दोन दिवसांतच साध्या कागदावर अर्ज द्या: काय घडलं, कुठं, किती वाजता, कोणी वाचवलं, कोण हजर होतं. स्टेशन डायरीला नोंद घ्यायची विनंती करा आणि नोंदीचा क्रमांक व तारीख अर्जाच्या तुमच्या प्रतीवर लिहून घ्या. गावात पोलीस पाटील असतील तर त्यांना लेखी अहवाल ठाण्याला द्यायला सांगा. त्याची एक प्रत तुमच्याकडे हवी.

मग दवाखाना. वाचलेल्या माणसाचे कागद सगळेच सांभाळतात. वाचवणाऱ्याचे कागद कुणीच करत नाही. तो म्हणतो, "मला काय झालंय, थोडं खरचटलंय." त्याला त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि केस पेपर काढा. खरचटणं, भाजणं, पोटात गेलेलं पाणी, दोराने सोललेले तळहात, सगळं डॉक्टरांच्या अक्षरात आलं पाहिजे. धोका सांगणारा याहून भक्कम कागद दुसरा नाही.

मग वेळेचे पुरावे. १०८ ला किंवा ११२ ला ज्या मोबाइलवरून फोन केला त्याच्या कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात मिनिटासकट वेळ असते. अग्निशमन दल आलं असेल तर त्यांच्या अहवालाची प्रत मागा. आसपासच्या दुकानांत, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर कॅमेरे असतील तर त्याच संध्याकाळी विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन-चार आठवड्यांत जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं.

> खबरदारी: फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवून घेऊ नका. त्यात दर्जा उतरतो आणि फोटो काढल्याची तारीख-वेळही निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइल ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याचं नाव लिहून ठेवा.

> खबरदारी: प्रसंग पुन्हा ‘करून दाखवून’ फोटो काढू नका. पेपरवाल्यांना हवा असतो, मुलंही हौसेने तयार होतात. असा एक फोटो फाइलमध्ये गेला की बाकीच्या खऱ्या फोटोंवरही शंका येते.

वाचलेली व्यक्ती आत्महत्येचा प्रयत्न करत असेल तर तिचं नाव, चेहरा, गाव काहीही प्रसारमाध्यमांकडे जाऊ देऊ नका. प्रस्तावात नाव द्यायचं ते फक्त कार्यालयासाठी, बंद पाकिटात. लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगातून वाचवलेली स्त्री किंवा मूल असेल तर ओळख उघड करणं कायद्यानेच गुन्हा आहे. कुणाच्या गौरवासाठी दुसऱ्याचं आयुष्य उघडं पाडायचं नाही.

टप्पा २: साक्षीदारांचे जबाब

जबाब तीन तरी हवेत: एक वाचलेल्या व्यक्तीचा किंवा तिच्या पालकांचा, एक घटना डोळ्यांनी पाहिलेल्याचा, आणि एक ज्याचं वाचवणाऱ्याशी नातं किंवा व्यवहार नाही अशाचा. पाचाहून जास्त गोळा करू नका.

प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. पारावर दहा जणांत विचारलं की सगळे एकच गोष्ट सांगायला लागतात, आणि ती सगळ्यात मोठा आवाज असलेल्याची असते.

कसं विचारायचं ते एका प्रसंगावरून सांगतो. शाळकरी मुलगी विहिरीत पडली होती आणि शेजारच्या शेतावरच्या सालगड्याने तिला काढलं होतं. तिथं पाण्याला आलेल्या एक आजी साक्षीदार होत्या. त्यांना सरळ विचारलं तर एकच उत्तर यायचं, "लई धाडसी पोरगं बाबा, देवच धावून आला." मनापासून सांगत होत्या, पण कागदावर त्याचा उपयोग नव्हता. मग विचारलं,

"आजी, त्यानं उडी मारली तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"कळशी."

"भरलेली?"

"न्हाय, रिकामी. मी भरायलाच आलते ना. मोटर नुकतीच सुरू झालती. लाइट आली की मी येते."

मोटर सुरू होती, हे तोवर कुणीच बोललं नव्हतं. पाण्यात चालू मोटर होती, तिची केबल विहिरीच्या कडेने लोंबत होती आणि स्टार्टरचा डबा दूर शेडात होता. पोराने तशातच उडी घेतली होती. बुडण्याच्या धोक्यावर विजेच्या धक्क्याचाही धोका होता. शिवाय ‘लाइट आली की’ यावरून वेळही पक्की झाली, कारण शेतीच्या फीडरला कोणत्या दिवशी किती वाजता वीज येते याचं वेळापत्रक महावितरणच्या उपकेंद्रात असतं.

म्हणून "तो कसा वाटला?" असं विचारू नका. हातात काय होतं, पायात काय होतं, ऊन कुठं होतं, कोण ओरडलं, तुम्ही कुठं उभे होतात, असं विचारा. माणसाला भावना नीट सांगता येत नाहीत, वस्तू बरोबर आठवतात.

जबाब त्यांच्याच बोलीत लिहा. खाली पूर्ण नाव, वय, पत्ता, मोबाइल, तारीख, सही किंवा अंगठा घ्या. अंगठा असेल तर वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सहीही हवी.

> खबरदारी: दोन जबाबांत शब्दन् शब्द सारखा असेल तर दोन्ही बाद धरले जातील असं समजा. टाइप केलेला एकच मसुदा सगळ्यांपुढे सहीसाठी फिरवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

*तपासून पाहा:* वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक चालतो, तो नैसर्गिक आहे. पण एक जण ‘सकाळी’ आणि दुसरा ‘संध्याकाळी’ म्हणत असेल तर दोघांशी पुन्हा बोला. वेळ तुमच्या मनाने जुळवून लिहू नका.

टप्पा ३: घटनेचं टिपण, मिनिटागणिक

आता एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात ते कुठल्या कागदावरून कळलं. हा तक्ता पाठवायचा नसतो, तुमच्यासाठी असतो. पण पुढचं सगळं लिखाण यातूनच निघतं.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य प्रस्तावात घेऊ नका, कितीही भारी वाटलं तरी. ‘पाण्यात साप होता’ असं एकाने सांगितलं, बाकी कुणी पाहिला नाही, तर साप सोडून द्या.

मापं स्वतः जाऊन घ्या. विहिरीची खोली दोराला दगड बांधून मोजता येते. घटनेच्या वेळी पाणी किती होतं ते ओलीच्या खुणेवरून आणि मालकाच्या सांगण्यावरून लिहा, आणि ‘अंदाजे’ हा शब्द ठेवा. पूर असेल तर पाटबंधारे विभागाकडे त्या दिवसाची नदीची पातळी नोंदलेली असते. आग असेल तर मजला, जिना, धूर कुठपर्यंत होता हे हाताने काढलेल्या साध्या नकाशावर दाखवा. तलाठ्यांकडून स्थळ पंचनामा मिळाला तर उत्तमच.

टप्पा ४: कृतीचं वर्णन

निर्णय घेणाऱ्या समितीपुढे सगळ्यात आधी हेच पान येतं. तिथल्या कुणीही तुमचं गाव पाहिलेलं नसतं.

सहसा असं लिहून येतं:

*"सदर तरुण अत्यंत धाडसी, मनमिळाऊ व परोपकारी वृत्तीचा असून त्याने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता चिमुकलीला मृत्यूच्या दाढेतून बाहेर काढले. त्याच्या या शौर्यामुळे संपूर्ण तालुक्याची मान उंचावली आहे."*

यात तारीख नाही, जागा नाही, धोका नाही. आता तोच प्रसंग असा लिहिता येतो:

*"दि. १२ रोजी सायंकाळी सुमारे ५.४० वाजता आठ वर्षांची मुलगी शेतातील विहिरीत पडली. विहीर ५५ फूट खोल, पाणी अंदाजे २० फूट, उतरण्यास पायऱ्या नाहीत. त्या वेळी विहिरीतील पाण्याची मोटर चालू होती व तिची केबल पाण्याला टेकली होती (जबाब क्र. २). स्टार्टर सुमारे २०० फुटांवर होता. मोटर बंद करण्यास कोणी हजर नसल्याने शेजारील शेतातील तरुणाने काठावरून उडी घेतली. तो पोहणे शिकलेला नाही, ओढ्यात हात मारण्याइतकेच त्याला येते (जबाब क्र. १). मुलीने त्याच्या गळ्याला मिठी मारल्याने दोघेही एकदा पाण्याखाली गेले. त्याने मोटरचा पाइप पकडून मुलीचे डोके पाण्यावर धरले. सुमारे १५ मिनिटांनी वरून दोर मिळाल्यावर प्रथम मुलीला व नंतर स्वतःला बांधून घेतले. दोराने दोन्ही तळहात सोलले गेले (केस पेपर, जोडपत्र ४)."*

दुसऱ्या मसुद्यात ‘धाडसी’ हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. ‘पोहणे शिकलेला नाही’ हे वाक्य घालताना लोकांना संकोच वाटतो, त्याचं उणं काढल्यासारखं वाटतं. उलट तेच वाक्य श्रेणी ठरवताना सगळ्यात जास्त वजनाचं ठरतं. तसंच काठावर आणखी किती माणसं होती आणि त्यांनी का उडी घेतली नाही, तेही कुणाला दोष न देता लिहा.

एक खोटं वाक्य मात्र घालू नका. चौकशीला येणारा माणूस त्याच विहिरीवर उभा राहून विचारणार असतो.

वाचवणारे दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाचा वेगळा प्रस्ताव आणि वेगळं वर्णन करा. दोर टाकणाऱ्याचा आणि उडी मारणाऱ्याचा धोका सारखा नसतो, श्रेणीही वेगळी होऊ शकते. एकाच अर्जात पाच नावं घातल्यामुळे खरा उडी घेणाराही मागे पडल्याचं मी पाहिलं आहे. ही गोष्ट गावात बोलायला अवघड जाते. तरी सुरुवातीलाच सगळ्यांना एकत्र बसवून बोला.

टप्पा ५: फाइल लावणं

क्रम असा ठेवा:

1. जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून एका पानाचं विनंतीपत्र
2. कृतीचं वर्णन
3. वाचवणाऱ्याची माहिती: आधारप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता, दोन मोबाइल नंबर, फोटो
4. वाचलेल्या व्यक्तीची माहिती
5. पोलीस नोंदीची प्रत
6. दोघांचे वैद्यकीय कागद
7. जबाब
8. फोटो, नकाशा, पंचनामा
9. पेपरातली कात्रणं

कात्रणं मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. बातमी हा आधार म्हणून चालतो, पुरावा म्हणून नाही. बातमीत वय किंवा वेळ चुकलेली असते आणि मग ‘बातमीत एक, अर्जात एक’ अशी शंका निघते. अशी चूक दिसली तर कात्रणाच्या खाली पेनाने लिहून ठेवा: ‘बातमीतील वय चुकीचे, आधारप्रमाणे २६.’

प्रत्येक पानाला क्रमांक द्या. तीन संच करा: एक कार्यालयाला, एक तुमच्याकडे, एक वाचवणाऱ्याच्या घरी. मूळ कागद कुठंही देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. माझ्या पहिल्याच प्रस्तावात मी मूळ केस पेपर एका कार्यालयात देऊन बसलो. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तो कागद सुटला तो सुटलाच. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमधून पुन्हा उतारा मिळवण्यात चार महिने गेले आणि ते वर्ष हातचं गेलं.

टप्पा ६: दाखल कुठं करायचं आणि कधी

या पदकासाठी केंद्रीय गृह मंत्रालय राज्य सरकारं, केंद्रशासित प्रदेश आणि केंद्रीय मंत्रालयांकडून शिफारशी मागवतं. दिल्लीला परस्पर पत्र पाठवून उपयोग होत नाही, ते फिरून राज्याकडेच येतं. महाराष्ट्रात तुमची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात जाते, तिथून पोलीस अधीक्षक आणि तहसीलदार यांचे अहवाल मागवले जातात, मग मंत्रालय आणि पुढे दिल्ली. वाचवणारा रेल्वेसारख्या केंद्राच्या खात्यात नोकरीला असेल तर त्याच्या खात्यामार्फतही शिफारस जाऊ शकते. मात्र एकच वाट धरा. दोन्हीकडून पाठवलं तर ‘तिकडून येईल’ म्हणून दोन्हीकडे थांबतं.

राज्यांच्या शिफारशी बहुतेक वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत दिल्लीला पोचायच्या असतात आणि पदकं प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला जाहीर होतात. सप्टेंबर ही राज्याची मुदत झाली. जिल्ह्यातली चौकशी दोन-तीन महिने खाते, त्यात पावसाळ्यात महसूल आणि पोलीस दोन्ही खाती पूर-पंचनाम्यात गुंतलेली असतात. म्हणून फाइल मार्च-एप्रिलपर्यंत जिल्ह्याला द्या. घटना पावसाळ्यात घडली असेल तर दिवाळीच्या आत.

कागद देताना आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. "साहेबांच्या हातात दिलंय" ही पोच नव्हे.

*दर महिन्याला तपासा:* फाइल कुठल्या शाखेत आहे, कुणाकडून अहवाल यायचा बाकी आहे, स्मरणपत्र गेलं का. गोड बोलून विचारलं तर बहुतेक ठिकाणी नीट सांगतात. दोन महिने काहीच कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच विचारा: ‘आवक क्रमांक अमुक यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी.’ उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर देणं बंधनकारक नाही.

रस्त्यावरचा अपघात असेल तर: राहवीर

अपघातग्रस्ताला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची वेगळी योजना आहे. ती २०२१ मध्ये ५,००० रुपयांवर सुरू झाली. २०२५ पासून तिचं नाव ‘राहवीर’ आहे आणि रक्कम २५,००० रुपये. इथं वाचवणाऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घातलेला असण्याची अट नाही. अट वेळेची आणि अपघाताच्या गांभीर्याची आहे: मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दवाखान्यात भरती, मेंदूला किंवा मणक्याला इजा, किंवा उपचारादरम्यान मृत्यू.

इथं सगळं पोलिसांच्या पोचपत्रावर अवलंबून आहे. डॉक्टरांकडून खातरजमा करून पोलीस आपल्या लेटरहेडवर मदत करणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल, घटनेची जागा, वेळ आणि काय मदत केली ते लिहून देतात. त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला जाते, एक मदत करणाऱ्याला मिळते. लोक जखमीला दवाखान्यात सोडतात आणि नाव न सांगता निघून जातात, मग पोचपत्र कुणाच्या नावाने निघणार?

पोलिसांच्या चकरा लागतील या भीतीने नाव लपवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतः होऊन साक्षीदार व्हायचं नसेल तर नाव सांगायची सक्तीही नाही. पण पुरस्कारासाठी नाव द्यावंच लागतं.

वाचवणारं मूल असेल तर

प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात शौर्य हा एक विभाग आहे. पाच वर्षांवरील आणि १८ पर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही नाव सुचवू शकतं. इथं जिल्ह्याच्या फाइलीची वाट पाहावी लागत नाही. शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते, आणि वयही त्याच तारखेला मोजतात.

मुलांच्या बाबतीत दरवेळी उडीच असेल असं नाही. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीने धुरात अडकलेल्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं होतं. पुढे तिला राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार मिळाला. म्हणून मुलाचा जबाब घेताना ‘तू काय केलंस’ याबरोबर ‘तू काय सांगितलंस’ हेही विचारा. आई-वडील समोर असावेत, पण उत्तरं त्यांनी देऊ नयेत. वर्गशिक्षकांकडून जन्मतारखेचा दाखला आणि मुख्याध्यापकांचं पत्र आधीच घेऊन ठेवा, मे महिन्यात शाळा बंद असते.

वाचवणारा गेला असेल तर

पदक मरणोत्तरही दिलं जातं. शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, आकस्मिक मृत्यूची नोंद आणि वारसांची माहिती हे वरच्या फाइलीत जोडा. विमा किंवा नुकसानभरपाईसाठी हेच कागद लागतात, तेव्हा प्रती एकदमच जास्त काढून ठेवा.

घरच्यांकडे जाताना तेराव्यानंतर जा. पण पोलीस नोंद आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तोवर थांबत नाही. ते काम शेजाऱ्यांनी, मित्रांनी घरच्यांना त्रास न देता उरकून घ्यायचं. वाचलेल्या कुटुंबाचा जबाब घेताना जपून बोला. ‘आमच्यामुळे त्यांचा मुलगा गेला’ हे ओझं ते वागवत असतात, आणि कधी कधी त्यामुळे बोलायलाच तयार होत नाहीत. अशा वेळी गळ घालू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

टप्पा ७: चौकशी येते तेव्हा

फाइल दिल्यानंतर काही महिन्यांनी ठाण्यातून किंवा तहसीलमधून फोन येतो. वाचवणाऱ्याला आणि साक्षीदारांना बोलावतात, कधी जागेवर येतात. आदल्या दिवशी सगळ्यांना ‘हे असं सांगा’ म्हणून शिकवू नका. त्यांचा आधीचा जबाब फक्त वाचायला द्या.

आणि तो माणूस कुठं आहे ते माहीत ठेवा. त्या विहिरीच्या प्रकरणात चौकशीचा निरोप आला तो एप्रिलमध्ये. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. हा तरुण दुसऱ्या तालुक्यात नव्या मालकाकडे गेला होता आणि मोबाइल रिचार्ज नसल्याने बंद होता. हवालदार दोनदा जुन्या पत्त्यावर जाऊन परतले. त्या आजींना त्याच्या बहिणीचं सासर माहीत होतं, तिथून तो सापडला. तेव्हापासून मी फॉर्मवर दुसरा नंबर घरच्या बाईमाणसाचा घेतो, आणि पाडवा किंवा ऊसतोडीचा हंगाम आला की पत्ता बदलला का ते विचारून जिल्हाधिकारी कार्यालयाला साध्या पत्राने कळवतो, त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन.